बाबांची तोफ

आमच्या जबलपुरात निम्म्या घरांतले पुरुष दिवसभर जे काही बनवत, ते बायकोला सांगायची सोय नव्हती. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा फाटकातून आत जायचा, संध्याकाळी बाहेर यायचा, आणि मधल्या वेळात आत काय झालं हे विचारणं म्हणजे जवळजवळ देशद्रोह. खरं तर कारखान्यांजवळच्या रिछाईत कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहिलं की कोणत्या कारखान्यात काय चाललंय, कशाचं काम अडलंय आणि कोणता साहेब कुणावर खार खाऊन आहे, हे एका कपात कळायचं. पण ते टपरीवर. घरात बाबांचं एकच वाक्य असायचं: "सांगता येत नाही. डिफेन्सचं आहे."

लग्न ठरताना मध्यस्थाने आईच्या वडिलांना, म्हणजे माझ्या वर्ध्याच्या आजोबांना, सांगितलं होतं की मुलगा जबलपूरला तोफा बनवतो. आजोबांना आभाळ ठेंगणं झालं. आईलाही झालं असावं. लग्न होऊन ती कारखान्याच्या इस्टेटीतल्या क्वार्टरमध्ये आली, चूल मांडली, आणि पहिल्याच आठवड्यात एका दुपारी लांबून धडाम असा आवाज होऊन खिडक्यांची तावदानं थरथरली. शेजारीण म्हणाली, घाबरू नको, तोफेची चाचणी आहे. तेव्हापासून असा आवाज आला की आई हातातला घास थांबवून मला सांगायची, "तुझ्या बाबांची." घरी आलेले पाहुणे दचकायचे. मुलीने स्नेहसंमेलनात गाणं म्हटल्यावर आई जशी आजूबाजूला बघते, तशी आमची आई त्या पाहुण्यांकडे बघायची.

पण तिला एवढ्यावर समाधान नव्हतं. एकटा माणूस अख्खी तोफ बनवत नाही एवढं तिलाही समजत होतं. मग बाबा त्यातलं काय बनवतात? नळी, चाक, की मागचा दांडा? हे एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढी एकच इच्छा तिने संसारभर बाळगली, आणि त्यासाठी सगळे उपाय केले. गोडीने विचारलं, अबोला धरून पाहिला, परीक्षेत पहिला नंबर आल्याच्या दिवशी मला पुढे करून पाहिलं. कपडे भिजवण्याआधी ती बाबांचे खिसे झटकायची, त्यातून लाकडाचा भुसा पडायचा. त्याचाही तिने अर्थ लावला होता: आंबे जसे गवतात ठेवून पाठवतात, तशा तोफा भुशात ठेवून पाठवत असतील. बाबांना विचारलं की ते वर्तमानपत्र आणखी वर धरायचे.

घरात दाराचं बिजागर निखळलं तरी बाबा बाहेरून सुतार बोलवायचे. तो रंधा मारत असला की त्याच्या मागे श्वास रोखून उभे राहायचे, मधेच हात पुढे न्यायचे आणि पुन्हा पाठीमागे बांधायचे. मला वाटायचं, एवढा मोठा तोफवाला, असल्या किरकोळ कामाला कशाला हात लावील.

बाबा निवृत्त झाले, आम्ही विजय नगरला घर केलं, तरी त्यांच्या तोंडाचं कुलूप तसंच राहिलं. आमच्या समोर एक हिंदी कुटुंब राहतं. त्या घरातल्या भाभीजी गेल्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या एका जुन्या बंदरावर फिरून आल्या. तिथे एक ऐतिहासिक दीपगृह आहे, त्याच्या आवारात जहाजांचं संग्रहालय आहे. भाभीजींनी रिक्षातून उतरता उतरता, सामान खाली ठेवायच्याही आधी, आमच्या फाटकाशी येऊन सांगितलं, "भाईसाहब की तोप देखके आ रहे हैं. बोर्ड पे जबलपुर लिखा है."

आई मेथी निवडत होती. काड्या आणि पानं एकाच ताटात टाकत ती म्हणाली, "मला जायचंय."

"तिथे काय आहे पाहायला?" बाबा म्हणाले. "खारं पाणी आहे."

"तोफ आहे."

"तोफ काय पाहायची असते?"

"तुम्ही दाखवली नाही, ती मी तिथे जाऊन पाहते."

माझ्या एलटीसीची मुदत योगायोगाने संपत आली होती. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे. आमच्यासारखी माणसं हौस म्हणून प्रवास करत नाहीत. सरकारने दिलेली प्रवासाची सवलत मुदतीत वापरली नाही तर बुडते, म्हणून करतात. समुद्र आवडतो की डोंगर, हा प्रश्न आमच्यात दुय्यम आहे. तेव्हा मी रजा टाकली. नवरा रेल्वेत असल्यामुळे सुट्टीत रेल्वेत बसायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो. तो घर सांभाळायला राहिला आणि आम्ही चौघं निघालो: आई, बाबा, मी, आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी, जिला मराठी सगळं समजतं पण बोलायला गेलं की निम्मं हिंदीत सांडतं. बाबांनी निघायच्या दिवशी सकाळी पोटात दुखत असल्याचं सांगितलं. आईने त्यांना ओवा दिला आणि चपला पुढे ठेवल्या.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. वडिलांकडून एवढं वळण तरी आलंच आहे.

जबलपूरचा माणूस समुद्राकडे जातो तो नर्मदेच्या माहेरचा म्हणून जातो. त्याला मान हवा असतो. आई साडी सावरत पाण्यात उतरली, ग्वारीघाटावर घेते तशी ओंजळ भरली, "नर्मदे हर" म्हणून तोंडात घेतली, आणि समुद्राला काय वाटेल याचा विचार न करता तिथेच थुंकली. पुढचे दोन दिवस तिचं समुद्राशी वाकडं होतं. "इतकं पाणी," ती जो भेटेल त्याला सांगायची, "आणि एक घोट कामाचा नाही." नावाड्यांवरही ती नाराज होती. भेडाघाटला नाव वल्हवणारा माणूस प्रत्येक खडकावर जोडलेली यमकं ऐकवतो. इथल्या बोटवाल्याने लाइफ जॅकेट घाला एवढंच सांगितलं, तेही गद्यात.

त्यातून आमची मराठी. आम्हाला वाटलं होतं, महाराष्ट्रात आलो, आता घरच्यासारखं बोलू. लॉजवाल्याला मी विचारलं, "भाऊ, गरम पाणी काहून येऊन नाही राहिलं?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "बहनजी, गीझर खराब है." नंतर तो दोन दिवस आमच्याशी हिंदीच बोलला. जबलपुरात आम्ही मराठी, महाराष्ट्रात आम्ही हिंदी. याची चीड मला दर वेळी येते, आणि दर वेळी मी ती हिंदीतून व्यक्त करते.

दीपगृह आणि संग्रहालय एकाच आवारात होतं. तिकीट घेतल्याबरोबर आई संग्रहालयाच्या दाराकडे वळली. बाबा म्हणाले, "आधी दीपगृह. ऊन वाढलं की चढता येणार नाही."

हे तेच बाबा, ज्यांना गुडघ्यांमुळे आमच्या घराच्या गच्चीवर कधी आणता आलं नाही. आईने त्यांच्याकडे आणि मग वर, त्या उंच पांढऱ्या मनोऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही चढणार?"

"एवढं आलोच आहोत तर."

आईला वर येणं शक्य नव्हतं. तिला सावलीत बसवावं म्हणून मी बाक शोधला. आवारात एकच बाक होता आणि त्याला पाटी बांधलेली होती: ओला रंग, बसू नये. रंग केव्हाच वाळून त्याचे पोपडे निघाले होते, पण पाटी काढायचा हुकूम निघाला नसावा. आई नियम मोडणारी नाही, एवढ्या वर्षांच्या इस्टेटीतल्या वास्तव्याचा तो परिणाम. तोफ बाबांबरोबरच पाहायची म्हणून ती जेवणाच्या डब्यांची पिशवी घेऊन झाडाखाली उभी राहिली.

वर जाणारा जिना गोल गोल आणि अरुंद. वरून उतरणारे लोक भिंतीला चिकटून आमच्या बाबांना वाट देत होते आणि बाबा प्रत्येक वळणावर थांबून त्यांना सावकाश, अगदी सावकाश जाऊ देत होते. खिडकी आली की खिडकीतून बघायचे. कठडा आला की कठडा हलवून बघायचे. मुलगी वैतागली. "आजोबा, चलो ना. आजी नीचे उभी आहे."

वर पोहोचल्यावर समुद्र होताच, पण बाबांचा जीव दिव्यात अडकला. तिथे एक कर्मचारी होता, त्याला रोज तेच तेच सांगून कंटाळा आला असणार, तरी बिचारा नीट सांगत होता. हा भिंगांचा दिवा, हा असा फिरतो, इतक्या इतक्या लांबून जहाजांना दिसतो, आणि तो किती वेळाने लुकलुकतो त्यावरून खलाशांना हे कोणतं बंदर ते कळतं.

बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे तुम्ही कुणालाही सांगता?"

"हो. पाटीवरसुद्धा लिहिलंय."

"बाहेरच्या देशातल्या जहाजांनासुद्धा कळतं?"

"त्यांना कळावं म्हणूनच तर आहे ना, काका."

आपण कुठे आहोत हे रात्रभर ओरडून सांगणारी एवढी उंच सरकारी इमारत बाबांनी आयुष्यात पाहिली नव्हती. तेवढ्यात माझ्या मुलीने मोबाइल बाहेर काढला आणि ते तिच्या अंगावर खेकसले, "आत ठेव ते. मनाई असेल."

"नाही आहे, आजोबा. फोटोचं अलग से तिकीट घेतलंय."

तरी तो माणूस पाठमोरा होईपर्यंत बाबांनी तिला फोटो काढू दिला नाही. भारतात छायाचित्रणास मनाईची पाटी पाळणारा एकच माणूस आहे, आणि तो पाटी नसतानाही पाळतो.

खालून आईचा फोन आला. संग्रहालय जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हायला अर्धाच तास उरला होता. बाबा म्हणाले, "मग आता राहू द्या. घाई काहून करायची? संध्याकाळी पाहू." मी त्यांचा दंड धरला आणि खाली आणलं. त्या वेळी मला त्यांचा रागच आला होता. म्हातारपणी माणूस किती हट्टी होतो असं मनात म्हणत मी उतरले.

संग्रहालय आपल्याकडच्या कुठल्याही संग्रहालयासारखं होतं. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगल्या उजेडात ठेवलेली वस्तू म्हणजे उद्घाटनाची कोनशिला. त्यानंतर नव्या छपराच्या उद्घाटनाची कोनशिला. मग कुठे काचेच्या कपाटांतून गलबतं सुरू होत होती. दोरांच्या गाठींचा एक फळा होता, पाणबुड्याचा तांब्याचा टोप होता, होकायंत्रं होती आणि त्यांतलं प्रत्येक वेगळ्या दिशेला उत्तर म्हणत होतं. आईने यातलं काहीही पाहिलं नाही. ती रांगेतून आडवी चालत मागच्या अंगणाकडे निघाली. बाबा मात्र गाठींच्या फळ्यासमोर असे उभे राहिले की उद्या त्यावर पेपर आहे.

"अहो," आईने दारातून हाक मारली. "या."

तोफ अंगणाच्या मधोमध होती. तिला दिवाळीत डब्यांना देतात तसला चंदेरी रंग दिलेला. पाटी तीन भाषांत, आणि त्यात काही म्हणजे काही लपवलेलं नव्हतं. नळी कुठली, गोळा केवढा, कुठवर जायचा, आणि शेवटी, तोफेखालचा चाकांचा गाडा जबलपूर येथे बनवलेला. आईने ती पाटी मराठीत वाचली, मग हिंदीत वाचली. मग इंग्रजी पाटीवरच्या जबलपूरवर बोट ठेवलं.

"यातलं तुमचं कोणतं?" ती हळूच म्हणाली.

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. "इथे नको."

"काहून नको? सगळ्या जगासाठी पाटी लावून राहिले ते. मलाच सांगायला काय होते?"

आईने बाबांचा हात धरून तोफेच्या चाकावर ठेवला आणि माझ्या मुलीला म्हणाली, "काढ फोटो." बाबा ओळखपत्राच्या फोटोला उभे राहतात तसे उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, चढ-उताराने थकले.

बाजूला एका शाळेची सहल आली होती. शिक्षिकेने आईला विचारलं, काका सैन्यात होते का. आईला आयुष्यभर कुणी हे विचारलं नव्हतं. "सैन्यात नाही," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज अंगणभर गेला, "ही तोफ यांनी बनवली आहे."

त्यानंतर जे झालं ते मला आठवलं तरी आज हसू येतं. शिक्षिकेने शिटी वाजवली. मुलं रांगेत उभी राहिली. एका गृहस्थाने बाबांशी हस्तांदोलन केलं आणि दुसऱ्याने त्यांच्याबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला. संग्रहालयाचा रखवालदार, जो तोवर तोफेवर चढणाऱ्या पोरांकडे ढुंकून बघत नव्हता, तो एकदम ताठ झाला आणि सगळ्यांना मागे सरका म्हणाला. शिक्षिका म्हणाली, "काका, मुलांना दोन शब्द सांगा. तोफ कशी बनवतात?"

सगळे थांबले. आई तर श्वासही घेत नव्हती. ती मुलांच्या रांगेच्या टोकाला, पिशवी छातीशी धरून, सगळ्यांत शहाण्या विद्यार्थ्यासारखी उभी होती.

बाबांनी घसा साफ केला. "सांगता येत नाही," ते म्हणाले.

शिक्षिकेनेच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "बघा मुलांनो, याला म्हणतात शिस्त. निवृत्त झाले तरी तोंडातून एक शब्द नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दोन गृहस्थांनी वाजवल्या. रखवालदाराने सलाम ठोकला. आई टाळ्या वाजवत नव्हती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि तरी त्या क्षणी ती त्या अंगणातली सगळ्यांत मोठी बाई होती.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टाळ्या चालू असतानाच ते वळले आणि गर्दीतून बाहेर पडले. गुडघे दुखणारा माणूस इतक्या झपाट्याने चालतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही तिघी त्यांच्या मागे. ते दालनातून, कोनशिलांसमोरून, बाहेरच्या ओसरीत आले. तिथे तिकीटवाल्याचं टेबल होतं आणि टेबलाशेजारी भिंतीला लावून एक लांबट लाकडी पेटी पडलेली होती. तिच्यावर तिकीटवाल्याचा डबा, हेल्मेट आणि पाण्याची बाटली. पेटीचा जुना हिरवा रंग बहुतेक गेलेला. दोन्ही टोकांना दोराची कडी होती.

आत शिरताना आम्ही या पेटीवरून नजर फिरवत गेलो होतो. बाबांनी मात्र तेव्हाच ओळखली असणार. ते वाकले आणि दोर ज्या भोकातून आत जातो त्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हे," ते म्हणाले.

"हे काय?" आई म्हणाली.

"हे मी बनवलं. हे म्हणजे हेच की नाही, माहीत नाही. पण आमच्या शॉपमधलं आहे." कारखान्यात खात्याला शॉप म्हणतात. "मी पेट्यांच्या शॉपमध्ये होतो. शेवटपर्यंत."

तिकीटवाला आमच्याकडे बघत होता. माझ्या मुलीने मोबाइल खाली केला. लहानपणापासूनचे सगळे धडाम आवाज मला एकदम आठवले, आणि प्रत्येक आवाजाला थांबलेला आईचा घास.

"तोफ नाही?" आई म्हणाली.

"नाही. तोफेला कधी हात लावला नाही. आता तू धरून लावलास तेवढाच." ते पेटीकडे बघून बोलत होते. "तुझ्या वडिलांना त्या मध्यस्थाने सांगितलं. मी तिथेच बसलो होतो. मला वाटलं, लग्न झालं की सांगू. मग तू त्या आवाजाला माझी तोफ म्हणायला लागलीस. मग कसं सांगायचं?"

"आणि यात काय जायचं?"

"माहीत नाही."

"इतकी वर्षं पेट्या केल्या आणि आत काय जाते ते माहीत नाही?"

"आम्ही रिकाम्या द्यायचो. पुढचं दुसऱ्या शॉपचं. विचारायचं नसतं."

म्हणजे जे गुपित या माणसाने प्राणपणाने राखलं, ते त्यालाच ठाऊक नव्हतं. मला हसू फुटणार होतं, पण आईकडे पाहून ते आतच राहिलं. ती पेटीकडे बघत होती, तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. मला भीती वाटली की आता ही परतीच्या गाडीत, आणि मग उरलेल्या आयुष्यात, एक शब्द बोलणार नाही.

"तो भुसा," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मी खिसे झटकून झटकून थकली."

"हो."

तिने वाकून त्याच भोकाच्या कडेवर बोट फिरवलं. "हे गुळगुळीत काहून केलं?"

"दोर घासून तुटू नये म्हणून. आणि उचलणाऱ्याच्या बोटांना कुसळ लागायचं. ड्रॉइंगमध्ये नव्हतं ते. मीच करायचो."

आई तिकीटवाल्याला म्हणाली, "भाऊ, हा तुमचा डबा उचलता का? मला बसायचंय."

तिकीटवाल्याने डबा आणि हेल्मेट उचललं. "बसा, बसा काकू. ते काही प्रदर्शनातलं नाही."

"माहीत आहे," आई म्हणाली आणि बसली.

सकाळपासून ती उभी होती. दोन्ही पाय सरळ करून तिने पेटीवर जरा मागेपुढे होऊन पाहिलं. "हलत नाही," ती म्हणाली. मग बाजूला सरकून तिने बाबांसाठी जागा केली आणि पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढला. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, संग्रहालयाचं दार बंद झालं, शाळेची सहल आमच्या समोरून बसकडे गेली. शिक्षिकेने मुलांना पुन्हा एकदा बाबांकडे बोट दाखवलं आणि मुलांनी हात हलवले. तोंडात घास असल्यामुळे बाबांनी मान हलवली. मी आणि माझी मुलगी पायरीवर बसून जेवलो. पेटीवर दोघांपुरतीच जागा होती.

परत येताना गाडीत बाबा बोलायला लागले. इटारसीपर्यंत ते थांबले नाहीत. कोणतं लाकूड ओलं असताना कापलं तर पुढे वळतं, कोणत्या सांध्याला खिळा लागतच नाही, कोणत्या साहेबाला सागवान आणि आंब्याचं लाकूड यांतला फरक कळत नव्हता. समोरच्या बर्थवरचा माणूस सुरुवातीला ऐकत होता, मग त्याने चादर डोक्यावरून घेतली. घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरून रंधा काढला. तो आमच्याकडे होता हेच मला माहीत नव्हतं. दोन दिवसांत घरातलं एकही दार करकरायचं उरलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते दूधवाल्याला थांबवून त्याच्या सायकलीवरची लाकडी पट्टी कशी बदलावी ते समजावून सांगत होते. जीभ सुटणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

त्याच संध्याकाळी समोरच्या भाभीजी आल्या. आई पुढच्या खोलीत पुन्हा मेथी निवडत बसली होती, मी शेजारी. बाबा आतल्या खोलीत खिडकीची चौकट तासत होते.

"तो देख आयीं भाईसाहब की तोप?" भाभीजी खुर्ची ओढून बसल्या. "क्या बनाया था उन्होंने? पहिया कि नली?"

आईने मेथीची काडी मोडून बाजूला टाकली. "बता नहीं सकते, भाभीजी. डिफेन्स का मामला है."

भाभीजींनी समजुतीने मान डोलावली. जबलपुरात या वाक्यापुढे कुणी जात नाही. पण आतला रंधा थांबला आणि बाबांचा आवाज आला, खणखणीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "पेट्या! पेटियाँ बनाते थे, भाभीजी! लकड़ी की! आइए, बताता हूँ."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

भाभीजी बाबांच्या खोलीकडे पाहत हसल्या, भाईसाहब थट्टा करत आहेत असं समजून. चहा झाला, त्या गेल्या. बाबा लाकडाचे कपचे अंगावर घेऊन दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "लाज वाटते का तुला?" त्यांनी विचारलं.

आईने मेथीचं ताट खाली ठेवलं. ती उठली, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून तिने भुसा काढला आणि तळहातावर धरून पाहिला.

"लाज कशाची?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी मला एक गोष्ट सांगितली तुम्ही. ती आता काहून सगळ्यांना वाटून राहिले?"